पीसीओडी बापाकडूनही येतो

नमस्कार मंडळी. आज पीसीओडीवर बोलूया, म्हणजे तेच, पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात आणि लग्नानंतर दिवस राहत नाहीत. हा घराण्यातून येतो का, असं मला ओपीडीत रोज कुणीतरी विचारतं. हो, येतो. पण येतो कुणाकडून, तिथंच सगळं घोडं पेंड खातं.

मिरजेजवळच्या गावातली एक मुलगी आली होती, वय २६, लग्नाला चार वर्षं झालेली. सोबत आई आणि आत्या. आई अंग चोरून बसलेली, बोलत होत्या फक्त आत्या. "डॉक्टरबाई, आमच्या घराण्यात असलं कुणालाच नाही हो, हे हिच्या आईकडनं आलंय." आईनं मान वर केली नाही, किती वर्षं ऐकत असेल कुणास ठाऊक. मी म्हटलं बरं, आणि सहज विचारलं, आत्या, तुमची पाळी महिन्याच्या महिन्याला यायची का? तर म्हणाल्या, छे, चार-चार महिन्यांनी, बरंच होतं की, रानात कामं असायची. मुलं किती? एकच मुलगी, तीही नऊ वर्षांनी. शुगर? अडतिसाव्या वर्षापासून गोळी चालू. मग मुलगीच म्हणाली, पप्पांना लग्नाच्या फोटोतच टक्कल दिसतं, आणि पप्पांची आई दुपारी अंगणात आरसा आणि चिमटा घेऊन हनुवटीचे केस उपटत बसायची. मी हे सगळं कागदावर लिहून समोर ठेवलं. सगळं बापाच्या बाजूचं! तेव्हा कुठे आईनं मान वर केली.

हा बीजाशयाचा, म्हणजे स्त्रीबीजं जिथं तयार होतात तिथला आजार. बापाला बीजाशय नाही, म्हणून त्याला पाळीचा त्रास नाही, पण जीन्स, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणारे गुण, तोही देतो. त्याच्यात ते दिसलंच तर वजन, शुगर, लवकर पडलेलं टक्कल असं दिसतं. प्रत्येक टकलाचं कारण हेच असतं असं नाही हां. पण परत सांगते, आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो.

२००६ साली नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात या आजारात अनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे कुणाला होतो आणि कुणाला नाही, या फरकात तेवढा वाटा जीन्सचा, मुलीला ७० टक्के होणारच असा अर्थ नाही. २०११ मध्ये चीनमधल्या संशोधकांना गुणसूत्र २ आणि ९ वर याच्याशी जोडलेल्या जागा सापडल्या, नंतर आणखी बऱ्याच सापडल्या. एकच जीन दोषी नाही, पुष्कळ जीन्स थोडं थोडं ढकलतात, आणि वजन वाढलं की त्यांना जोर येतो. म्हणून शाळेत मुलींचा पीटीचा तास काढून गणिताला देतात ना, ते मला अजिबात पटत नाही, मुलींना पळू द्या, घाम येऊ द्या.

आणि मूल होत नाही म्हणजे होणारच नाही असं नाही. स्त्रीबीजं असतात, ती वेळेवर बाहेर पडत नाहीत, त्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या डॉक्टर देतात. पण आधी नवऱ्याची तपासणी करा, साधी आणि स्वस्त आहे, तरी सगळ्यात शेवटी होते, याचा मला फार राग येतो.

त्या दिवशी बाहेर पडताना आत्या दारात थांबल्या. "म्हणजे ती नऊ वर्षं मला जे बोलले, ते..." पुढे बोलल्याच नाहीत. पुढच्या मंगळवारी परत आल्या, आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन, तिचीही पाळी चार महिने आली नव्हती.