फासा खरा हवा

(दृश्य : सावंतवाडी. मोती तलाव, मग चितार आळी. दुकानांबाहेर मांडलेली लाकडी फळं, पाट, भातुकली.)

सावंतवाडीला आलेला पाहुणा मोती तलावाला एक फेरी मारतो आणि मग चितार आळीत शिरतोच. लाकडी आंबा, फणस, मिरची, केळ्यांचा घड. यातलं बरंचसं काम पांगाऱ्याचं. पांगारा हलका, मऊ, आणि रंग छान धरतो.

पण आजच्या कामाला पांगारा चालणार नाही. आज मेस्त्रींना फासे करायचे आहेत. क्रॅप्स नावाच्या, कॅसिनोत चालणाऱ्या अमेरिकन खेळाचे.

(दृश्य : शिसवाची कांडी, करवत, रंधा. हाताचा जवळून शॉट.)

कॅसिनोतला फासा पाऊण इंचाचा असतो, म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. तिथे तो लाल, पारदर्शक प्लास्टिकचा करतात. आत काही दडवलंय का ते आरपार दिसावं म्हणून. आपल्याकडे शिसव आहे. आरपार दिसणार नाही, पण घट्ट आहे, आणि नीट वाळलेलं असलं की आकार सोडत नाही.

मेस्त्री आधी लांब चौकोनी कांडी काढतात. चारही बाजू रंध्याखाली. काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. लाकूड आणि गुण्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की परत रंधा. मग कांडीचे तुकडे. आणि तुकडा पाडताना करवत जराशी जरी कलली, तरी तो फासा बाद. या टोपलीत जे ठोकळे दिसतायत ते सगळे बादच.

(दृश्य : व्हर्नियरच्या जबड्यात ठोकळा. तीन बाजूंनी माप.)

लुडोचा फासा आठवा. कोपरे गोल असतात, त्यामुळे तो गडगडत जातो. कॅसिनोच्या फाशाचे कोपरे आणि कडा धारदार ठेवतात. बाजूबाजूंत फरक चालतो तो केसाच्या जाडीहूनही कमी. मेस्त्रींच्या हातात कानस आहे, यंत्र नाही. तेवढी अपेक्षा त्यांच्याकडून करणं अन्यायाचं. तरी व्हर्नियरवरचे आकडे बघा. तिन्ही बाजू जवळपास एकच.

आता ठिपके. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी. एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तिनासमोर चार. म्हणजे एकूण एकवीस खड्डे. सामता म्हणजे भोक पाडायचं हत्यार. त्याचं टोक टेकवायचं, खोली मोजायची, पुढचा खड्डा. सहाच्या बाजूला सहा खड्डे, एकाच्या बाजूला एकच. म्हणजे सहाच्या बाजूचं लाकूड जास्त गेलं. ती बाजू हलकी झाली.

तो फरक केवढासा? मेस्त्री म्हणतात, "आधी पाण्यात सोडून बगा, मगे बोला."

(दृश्य : काचेचा ग्लास. फासा पाण्यात. बोटाने टिचकी. हा शॉट पूर्ण ठेवायचा, काटायचा नाही.)

शिसव जड खरं, पण पाण्यावर तरंगतं. हा फासा नुसत्या खड्ड्यांचा आहे, ते अजून भरलेले नाहीत. टिचकी मारली, गरगरला, थांबला. सहा वर.

पुन्हा. सहा वर.

हलकी बाजू पाण्यात वर येणारच. टेबलावर हा फासा इतका उघड बोलणार नाही. फेकीगणिक नाही, पण हजारो फेकींत मात्र सहा जरा जास्त पडेल. कॅसिनोला नेमकं तेच नको असतं.

म्हणून खड्डे भरायचे. मेस्त्रींनी आधी हाताशी होती ती लाख वापरली. लाखकाम तर इथलं घरचंच. दिसायला देखणा फासा झाला. पाण्यात सोडला. एक वर! लाख शिसवापेक्षा जड, त्यामुळे आता सहाची बाजू जड होऊन खाली बसली. मेस्त्री हसले आणि त्यांनी रंध्याखालचा भुसा गोळा केला. शिसवाचाच भुसा, सरसात कालवलेला. तो खड्ड्यांत दाबून भरला, वाळवला, घासला आणि वर रंगाचा बारीक ठिपका दिला.

(दृश्य : तोच ग्लास, नवा फासा. टिचकी. तीन. टिचकी. पाच. टिचकी. एक.)

कॅसिनोसाठी फासे करणारे कारखाने वेगळं काही करत नाहीत. खड्ड्यातून जेवढं प्लास्टिक निघालं तेवढ्याच वजनाचा रंग ते परत भरतात. नंतर फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर चिमट्यात धरून फिरवून बघतात. दर वेळी एकाच जागी येऊन थांबला तर तो बाद.

(दृश्य : रानवाट. बेहड्याचं उंच झाड. खाली पडलेली फळं. हातात घेतलेलं बेहड्याचं फळ.)

फाशाला सहा बाजू लागतातच असं नाही. हे बेहड्याचं फळ. कोकणातल्या रानात याला तोटा नाही, त्रिफळा चूर्णातही ते असतं. वेदकाळातले जुगारी याच फळांनी खेळत. मूठभर फळं टाकायची आणि चारचारने मोजायची. काही उरलं नाही तर कृत, सर्वांत चांगलं दान. तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, आणि एकच उरलं तर कली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४वं सूक्त एका हरलेल्या जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावलेली, आई खंतावलेली, देणेकरी मागे. शेवटी त्याला सांगितलं जातं, फासे सोड, शेती कर.

आणि नळराजाची गोष्ट. द्यूतात राज्य घालवून नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. रथ चाललेला असताना ऋतुपर्णाने बेहड्याच्या फांद्यांवरची पानं आणि फळं नुसत्या नजरेने सांगितली. नळाने रथ थांबवून मोजली, तर आकडा बरोबर. तीच विद्या शिकून नळ पुढे फाशांत जिंकला. महाभारतातल्या या गोष्टीत फासे जिंकून देतो तो मंत्र नाही, मोजणी आहे. फाशांचा विषय काढला की आपल्याला पहिला शकुनीच आठवतो. नळ आठवायला हवा होता.

घनाकार फासाही इथे जुनाच. मोहेंजोदडोला मातीचे फासे सापडले आहेत. त्यांच्यावर ठिपक्यांची मांडणी निराळी : एकासमोर दोन, तिनासमोर चार, पाचासमोर सहा.

(दृश्य : मेस्त्रींच्या बाकावर जुना नकाशा. बोट इंग्लंडवरून न्यू ऑर्लिन्सकडे सरकतं.)

क्रॅप्सचा वाडवडील म्हणजे हॅझर्ड. इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून चाललेला, दोन फाशांचा खेळ. त्यात फेकणारा आधी पाच ते नऊमधला एक आकडा बोलायचा आणि त्या आकड्यावरून पुढचे नियम बदलायचे. इतका गुंतागुंतीचा, की १७०८ साली मोंमोर नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने त्याचा हिशेब मांडला तो कौतुकाचा विषय ठरला. लंडनच्या उच्चभ्रू क्लबांत या खेळावर जमिनीच्या जमिनी गेल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा खेळ अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रुजला. तो तिथे नेल्याचं श्रेय बर्नार्ड द मारिन्यी या बड्या जमीनदाराला देतात. बोलायचा आकडा कायमचा सात ठरला आणि निम्मी गुंतागुंत संपली. मारिन्यीने पुढे आपल्या मळ्याचे प्लॉट पाडून विकले, तिथल्या एका रस्त्याला या खेळाचंच नाव दिलं, आणि बापजाद्यांची दौलत त्याच्या हातून गेली.

मिसिसिपीवरच्या बोटींतून आणि गोदीतल्या कृष्णवर्णीय कामगारांकडून हा खेळ देशभर गेला. टेबल लागत नाही; भिंत आणि दोन फासे पुरतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिक कांबळं अंथरून खेळत.

(दृश्य : मेस्त्रींचे हात. कानस. फाशाची कड.)

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जॉन विन. हा फिलाडेल्फियाचा, आणि धंद्याने फासे बनवणारा. त्याच्या काळापर्यंत पैज एकाच बाजूने लावता यायची : फेकणारा जिंकणार. पैसे धरणाऱ्या अड्डेवाल्याने मग खोटे फासे ठेवले की झालं, सगळेच बुडाले. विनने १९०७च्या सुमाराला टेबलावर दुसरी जागा काढली : फेकणारा हरणार. आता खोटा फासा ठेवला तर कोणीतरी चाणाक्ष उलट्या बाजूने पैसे लावणार आणि धरणाराच बुडणार. अड्डेवाल्यांना खऱ्या फाशावर आणलं ते कुठल्या कायद्याने नाही, एका कारागिराने.

(दृश्य : रात्र. बेतीच्या धक्क्यावरून मांडवी, पाण्यात पडलेले कॅसिनो-जहाजांचे दिवे. फेरीबोट आडवी जाते.)

ही मांडवी. समोर पणजी, मध्ये नांगरलेली कॅसिनोंची जहाजं. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६चा. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, १९९६च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलं. २०२०च्या फेब्रुवारीपासून गोवेकरांना आत खेळायला मनाई आहे. म्हणजे म्हापशाच्या माणसाला बंदी आणि सावंतवाडीच्या माणसाला वाट मोकळी! महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. या दिव्यांपायी कर्जात गेलेली घरं पत्रादेवीच्या सीमानाक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत.

(दृश्य : वेंगुर्ला. सारवलेली ओटी. जाजमावर हिरवं कापड, त्यावर खडूने आखलेल्या चौकटी. काजूबियांचे ढीग.)

वेंगुर्ल्याचे हे काका क्रूझ जहाजावर होते, तिथल्या कॅसिनोत. त्यांचं काम स्टिकमनचं. हातात वेताची लांब काठी, टोकाला वाकलेली. पडलेले फासे तिने ओढून फेकणाऱ्याच्या पुढ्यात सारायचे आणि आकडा ओरडायचा. खरं टेबल म्हणजे उंच काठांची होडीच. फासे एका हाताने फेकायचे आणि ते पलीकडच्या काठावर आपटून परत आले पाहिजेत. त्या काठाला आतून रबराचे टोकदार उंचवटे असतात, म्हणजे हातचलाखी चालत नाही. ओटीवर आपण भिंतीला फळी लावली आहे.

फासे मेस्त्रींचे. पैशांऐवजी काजूबिया; मे महिन्यात इथली पोरं खेळतात त्याच.

(दृश्य : पुतणी फासे फेकते. चार आणि तीन.)

"सेवन, विनर!" पहिल्याच फेकीत सात किंवा अकरा पडले, तर 'पास'वर, म्हणजे फेकणारा जिंकणार या पैजेवर, लावलेले जिंकले. दोन, तीन किंवा बारा पडले, तर हरले. काका अकराला 'इलेव्हन' म्हणत नाहीत, 'यो' म्हणतात. गोंगाटात 'सेवन' आणि 'इलेव्हन' सारखंच ऐकू येतं, आणि त्यावरून टेबलावर भांडणं होतात.

(दृश्य : पुढची फेक. पाच आणि एक. काका चौकटीवर शिंपला ठेवतात.)

सहा. आता सहा हा पॉइंट झाला. चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांपैकी काहीही पडलं की तो पॉइंट. यापुढे तोच आकडा परत पडेपर्यंत फेकत राहायचं. मध्येच सात पडला तर संपलं, फासे शेजाऱ्याकडे. पहिल्या फेकीला ज्या साताने जिंकवलं, तोच सात आता बुडवतो. पुतणीला हे अजिबात पटलेलं नाही, तिचा चेहरा बघा.

(दृश्य : खडूने काळ्या फळीवर सहा गुणिले सहाचा तक्ता.)

दोन फाशांची दानं एकूण ३६. सात सहा प्रकारांनी पडतो, सहा आणि आठ प्रत्येकी पाच, पाच आणि नऊ चार, चार आणि दहा तीन, तीन आणि अकरा दोन, दोन आणि बारा एकेकच. पहिल्या फेकीला खेळणारा वरचढ असतो : ३६पैकी आठ दानं जिंकवणारी, चार हरवणारी. उरलेल्या चोवीसांत पॉइंट पडतो, आणि तिथून सात पाठीमागे लागतो. सगळा हिशेब जमवला की ४९५ पैजांत २४४ जिंकतात, २५१ जातात. दर वेळी शंभर लावले, तर ४९५ पैजांत सरासरी सातशे रुपये गेले. शेकडा १ रुपया ४१ पैसे.

विनच्या उलट्या बाजूला हेच जवळपास १ रुपया ३६ पैसे. तिथे पहिल्या फेकीला बारा पडले तर खेळणाऱ्याला जिंकलेलं धरत नाहीत, पैसे नुसते परत देतात. तेवढी एक पळवाट बुजवली नसती, तर त्या बाजूला कॅसिनोच तोट्यात गेला असता.

आता मधल्या चौकटी, जिथल्या पैजांसाठी स्टिकमनने ओरडून लोकांना बोलवायचं असतं. पुढच्याच फेकीला सात पडेल, अशी पैज. पडला तर एकाला चार. ऐकायला किती गोड! ३६ फेकींत सात सरासरी सहा वेळा : सहा गुणिले चारशे, चोवीसशे आले. तीस वेळा शंभर गेले. फक्त ३६ फेकींत सहाशेचा खड्डा. खरा भाव एकाला पाच आहे, देतात चार. फासा खराच आहे, मेस्त्रींचा असो की कारखान्याचा. कमाई आहे ती या न दिलेल्या पाचव्या रुपयात, आणि म्हणूनच फासा खरा ठेवणं त्यांना परवडतं.

(दृश्य : काका 'पास'च्या रेषेमागे मूठभर काजूबिया ठेवतात.)

पूर्ण भावाची एकच पैज आहे. पॉइंट पडल्यावर 'पास'च्या पैजेमागे जादा पैसे ठेवता येतात. पॉइंट चार किंवा दहा असेल तर एकाला दोन, पाच किंवा नऊ असेल तर दोनाला तीन, सहा किंवा आठ असेल तर पाचाला सहा. तक्त्याशी ताडून बघा, पै न पै बरोबर आहे. यात कॅसिनोला काहीच सुटत नाही, म्हणून ही पैज पहिल्या पैजेच्या ठरावीक पटींपर्यंतच लावू देतात. कापडावर तिच्यासाठी चौकट छापलेली नसते. रेषेच्या मागे, कोऱ्या जागेवर ठेवायची.

(श्रेयनामावली)