मोलकरीण कागदावर कधी येते?

मोत्याचं कानातलं घातलेली, मागे वळून बघणारी ती मुलगी तुम्ही कॅलेंडरवर, कपावर, पुस्तकाच्या वेष्टनावर पाहिलीच असेल. मूळ चित्र सतराव्या शतकातल्या योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचं, ते हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. उंची ४४.५ सेंटिमीटर, रुंदी ३९. म्हणजे आपल्या देवघरातल्या तसबिरीएवढं. १८८१ साली हेगच्या लिलावात ते दोन गिल्डर (तेव्हाचं डच चलन) तीस सेंटला गेलं. ती मुलगी कोण, याचा एकही पुरावा नाही. अशा चित्राला डच लोक ‘ट्रोनी’ म्हणत. ट्रोनी म्हणजे चेहऱ्याचा, पोशाखाचा, उजेडाचा अभ्यास. ओळख पटावी म्हणून काढलेलं व्यक्तिचित्र ते नव्हे. कादंबरीकाराला नेमकी हीच मोकळी जागा दिसते आणि तो तिथे एक मोलकरीण आणून उभी करतो.

आणायला हरकत नाही. प्रश्न असा, की तिच्या हाताला काम काय द्यायचं? ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. ते तिला डोळे देतात, लाज देतात, खिडकीतला उजेड देतात. काम देत नाहीत.

आधी कागद बघू. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या घरातल्या मोलकरणी दप्तरात सापडतात, पण सापडतात त्या भांडणामुळे. योहानेस व्हर्मीरच्या घरातली टानेके एव्हरपूल आपल्याला का माहीत आहे? व्हर्मीर सासूच्या घरात राहायचा. सासू मारिया थिन्स, बायको काथारिना. काथारिनाचा भाऊ विलम हा माथेफिरू माणूस. १६६३ साली काथारिना गरोदर असताना तो टोकाला लोखंडी खिळा लावलेली काठी घेऊन तिच्या अंगावर धावला, आणि मध्ये पडली ती टानेके. पुढे १६६६ मध्ये मारिया थिन्सच्या सांगण्यावरून टानेकेने नोटरीपुढे जबानी दिली, म्हणून तिचं नाव उरलं. त्या सकाळी विलम शांत बसला असता, तर टानेके इतिहासातून पुसली गेली असती.

ॲम्स्टरडॅममध्ये रेम्ब्रांटच्या घरी तर दोन प्रकरणं झाली. बायको सास्किया १६४२ साली वारली, पदरी तान्हा मुलगा टिटस. त्याला सांभाळायला खेर्त्ये डिर्क्स आली आणि तिचे मालकाशी संबंध जुळले. पुढे हेंड्रिकये स्टोफेल्स नावाची तरुण मोलकरीण त्याच घरात आली, तेव्हा खेर्त्येने लग्नाचं वचन मोडल्याचा दावा लावला. १६४९ मध्ये तिला वर्षाला २०० गिल्डर द्यावेत असा निवाडा झाला. पण सास्कियाचे दागिने तिने गहाण टाकले होते. त्यावरून पुन्हा वाद पेटला, आणि १६५० मध्ये रेम्ब्रांटच्या खटपटीने तिची रवानगी गौडा गावच्या सुधारगृहात झाली. तिथे पाच वर्षं काढून ती सुटली. हेंड्रिकयेला १६५४ मध्ये चर्चच्या मंडळाने बोलावून घेतलं आणि चित्रकाराबरोबर लग्नाविना राहते म्हणून प्रभुभोजनाला येण्याची बंदी केली. तेव्हा ती पोटुशी होती. मुलगी कॉर्नेलियाचं नामकरण त्याच वर्षी ऑक्टोबरात झालं. रेम्ब्रांटने लग्न केलं असतं, तर सास्कियाच्या मृत्युपत्रामुळे तिच्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागलं असतं.

ही दोन प्रकरणं वाचून झाल्यावर ‘चित्रकार आणि मोलकरीण’ या जोडीकडे जरा सावधपणे बघा. तिथे हळवेपणा फार टिकत नाही. मालकाचा शब्द, गहाणवट, नोटरी, चर्च, एवढं सगळं त्या नात्यात उभं असतं.

भांडण झालं नाही, तर उरतं फक्त काम. आणि कामाचे पुरावे भरपूर आहेत. व्हर्मीर १६७५ च्या डिसेंबरात गेला. २९ फेब्रुवारी १६७६ रोजी त्याच्या घरातल्या सामानाची खोलीवार यादी झाली. या विषयावर लिहिणाऱ्याने ती यादी पाठच करावी. चित्र काढायच्या खोलीत कॅनव्हास उभा करायच्या दोन लाकडी घोड्या, तीन पॅलेट, दहा कॅनव्हास. कपड्यांत पांढऱ्या फरची किनार असलेला पिवळा साटिनचा झगा, जो त्याच्या चित्रांतून पुन्हा पुन्हा दिसतो. आणि माळ्यावर, रंग घोटायचं दगडी टेबल व त्याच्याबरोबरचा दगड. जाता जाता सांगतो, कादंबऱ्यांना फार आवडणारी ती अंधारी पेटी, कॅमेरा ऑब्स्क्युरा, त्या यादीत नाही.

दगडाकडे नीट बघू. बाजारात तयार रंगाच्या ट्यूब मिळू लागल्या त्या १८४० नंतर. तोपर्यंत कोरडी पूड तेलात घोटणं हे रोजचं काम होतं, आणि ते शागीर्द करत. त्याच्या डेल्फ्ट गावातल्या चित्रकारांच्या सेंट ल्यूक संघाच्या नोंदीत व्हर्मीरच्या नावावर एकही शागीर्द नाही. मग घोटत कोण होतं? कदाचित तो स्वतः. पण मोलकरणीला माळ्यावर पाठवायचं असेल, तर दार इथे उघडं आहे.

आपल्या पाट्या-वरवंट्याचं चित्र मात्र डोळ्यांपुढे आणू नका. पाट्याला टाकी लावलेली असते. हा दगड गुळगुळीत हवा. वरवंटा आडवा धरून पुढे-मागे ओढतात. इथला हातातला दगड, म्हणजे घोटा, उभा धरायचा, त्याचा तळ सपाट, आणि तो गोल किंवा मराठी चारच्या वळणाने फिरवायचा. दगडावर दोन-तीन चमचे पुडीचा ढीग करायचा, मध्ये कणकेला करतो तसं आळं करायचं आणि त्यात जवसाचं तेल थेंबाथेंबाने सोडायचं. आधी पातळ सुरीने कालवायचं; या वेळी गोळा घट्टच वाटला पाहिजे. मग घोटा. पाच-सात मिनिटांनी रंग कडेला पसरतो, तो सुरीने खरवडून मध्ये आणायचा आणि पुन्हा घोटायचं. सुरुवातीला दगडावर वाळू दळल्यासारखी खरखर ऐकू येते. ती थांबली आणि घोटा दगडाला चिकटल्यासारखा ओढू लागला, की झालं.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे तेल जास्त ओतणं. सुरुवातीला मऊ वाटतं, हात सहज फिरतो, पण असा रंग वाळताना सुरकुततो आणि वर्षांनी पिवळा पडतो. दुसरी चूक, सगळे रंग सारखे घोटणं. सफेता, म्हणजे शिशाची पांढरी पूड, अगदी थोड्या तेलात मऊ होते आणि लवकर वाळते. हाडांच्या काळ्याला तेल भरपूर लागतं आणि तो दिवसेंदिवस ओला राहतो. हा काळा हाडं बंद मडक्यात जाळून करतात. हवा लागली तर काळ्याऐवजी पांढरी राख हाती येते. तांबडा हिंगूळ जितका घोटाल तितका खुलतो. लाजवर्द या निळ्या दगडाची निळी मात्र फार घोटली तर फिकी, राखाडी पडते, कारण तिचा गडदपणा कणाच्या जाडीत असतो. अर्धा तास जादा हात चालला, तर घरातली सगळ्यात महाग वस्तू वाया.

महाग का? तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. नुसता कुटला तर निळी निघत नाही, करडी माती हाती येते, कारण दगडात पांढरा चुनखडीचा भाग आणि सोनेरी ठिपके मिसळलेले असतात. म्हणून पूड राळ, मेण आणि रुमी मस्तकीच्या गोळ्यात मळायची, गोळा मुरवायचा आणि राखेच्या कोमट पाण्यात हाताने दाबत राहायचा. निळे कण तळाशी उतरतात, घाण गोळ्यात अडकून राहते. पहिल्या पाण्याची निळी सर्वांत उत्तम, शेवटच्या पाण्याची राखाडी. हा खटाटोप रंगविक्रेत्यांकडे व्हायचा. घरी यायची ती पूड. तेव्हा मोलकरणीला खलबत्त्यात लाजवर्द कुटताना दाखवू नका. आणि सफेत्याची पूड उडवत तिला गाणं म्हणायलाही लावू नका. शिसं आहे ते, पोटात गेलं तर पोटशूळ उठतो.

आता मोत्याच्या कानातल्याच्या त्या चित्राची पार्श्वभूमी. आज ती काळी दिसते, म्हणून कादंबऱ्यांतली मुलगी अंधारापुढे बसते. माउरित्सहाउसने २०१८ साली चित्राची कसून तपासणी केली, तेव्हा लक्षात आलं की मुलीच्या मागे हिरवा पडदा होता. काळ्यावर निळीचा (झाडापासून काढतात ती नीळ, लाजवर्दाची नव्हे) आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक थर दिलेला होता. वनस्पतिरंग उजेडाने विटला आणि पडदा नाहीसा झाला. (निळीचा व्यापार डच कंपनी करत होती, आणि याच शतकात कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. पण या चित्रातली नीळ आपल्याकडची, असं म्हणायला आधार नाही.) त्याच तपासणीत मुलीच्या बारीक पापण्याही सापडल्या. मोत्याला मात्र कानात अडकवायची तारच नाही. पांढऱ्याचे दोन-चार फटकारे, बस्स. एवढा मोठा मोती खरा असणं कठीण. काही अभ्यासक तो काचेचा मानतात, काही चकचकीत कथलाचा. कान टोचण्यावर प्रकरणभर रक्त सांडणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

मोलकरणीचे हात कसे असत, हे बघायचं तर व्हर्मीरचंच दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र बघा, ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. बाह्या वर सारल्या आहेत. मनगटापर्यंत कातडी रापलेली, त्याच्यावर एकदम गोरी. रोज उन्हापाण्यात कुठवर हात जात असे, ते चित्रकाराने नेमकं टिपलंय. हीच ओळ कादंबरीत आली, तर पानभर वर्णन वाचेल.

घराचा हिशोबही सांभाळा. व्हर्मीर गेला तेव्हा अकरा मुलं हयात होती. त्याच्या पश्चात बेकर हेंड्रिक व्हान बाउटेनने ६१७ गिल्डर ६ स्टायव्हरच्या पावाच्या उधारीपोटी दोन चित्रं ठेवून घेतली. एका गिल्डरचे वीस स्टायव्हर. म्हणजे पाव आणायला जाणाऱ्या मुलीला दुकानात कोणत्या नजरेला तोंड द्यावं लागत असेल, तो प्रसंग आयता तयार आहे. घर कॅथलिक, गल्लीही कॅथलिकांची, शहरावर सत्ता प्रोटेस्टंटांची. मुलगी प्रोटेस्टंट घरातली असेल, तर भिंतीवरचा क्रूस तिला पहिल्याच दिवशी खटकणार.

शेवटी भाषा. तिने मालकाला काय म्हणायचं? ‘सरकार’ म्हटलं की पेशवाईतला वाडा उभा राहतो, ‘साहेब’ म्हटलं की कचेरी. ‘धनी’ला शेताचा वास. माझं मत ‘मालक’ला, आणि मारिया थिन्सला ‘थोरल्या बाई’. काथारिनाला ‘बाई’ पुरे. पण मालकाच्या मुलांना ती अरे-तुरे करेल की नाही, हे पहिल्या पानाआधी ठरवा; मध्येच बदललं की वाचकाला ते लगेच टोचतं.