ठाण्याच्या किल्ल्यातील कैदी आणि खेळाची नवी पद्धती

फासे आणि कथा यांच्या आधाराने खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी मी बोलणार आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी असा खेळ पाहिलेलाही नसेल असे धरून चालते. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि जग व प्रसंग उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात. पात्राने हाती घेतलेल्या गोष्टीचा निकाल अनिश्चित असेल तेव्हा फासे पडतात. ते कधी टाकायचे, किती टाकायचे आणि आलेल्या आकड्यातून काय समजायचे, हे जी ठरवते ती खेळाची नियमपद्धती. माझे म्हणणे असे आहे की टेबलाभोवतीची माणसे एकमेकांना कोणते प्रश्न विचारतील, हे ही नियमपद्धती ठरवत असते. आणि म्हणून नवी पद्धती खेळून पाहताना नवे नियम पाठ करण्यापेक्षा जुने प्रश्न सोडणे जास्त कठीण जाते.

आमचा गट पाच जणांचा. नौपाड्यातील एका मैत्रिणीच्या घरी आम्ही रविवारी दुपारी जमतो. एक जण कळव्याहून येतो, एक जण ऐरोलीहून, आणि वाशीची मैत्रीण ट्रान्स-हार्बरची गाडी धरून. चार वर्षे आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळलो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला हा खेळ युद्धखेळांतून जन्माला आला, आणि त्याच्या आजच्या रूपातही ती नाळ दिसते. वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, पात्राच्या कौशल्याचा आकडा त्यात मिळवायचा आणि ठरलेल्या लक्ष्याशी ताडून पाहायचा. फाशाची प्रत्येक बाजू येण्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. म्हणजे लक्ष्य पंधरा आणि कौशल्य पाच असेल, तर यश पंचावन्न टक्के. साहजिकच टेबलावरचा प्रश्न असतो, 'जमले की नाही?', आणि लक्ष्य सूत्रधाराच्या हाती असल्यामुळे उत्तरही बहुधा त्याच्याकडून येते. या खेळाने आम्हाला चार वर्षांचे रविवार दिले, आणि मला तो आजही प्रिय आहे.

या वर्षी आम्ही जॉन हार्पर यांचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'ब्लेड्स इन द डार्क' हाती घेतला. मूळ खेळ भुताखेतांनी वेढलेल्या एका काल्पनिक औद्योगिक नगरीतल्या चोरांच्या टोळीचा आहे. त्यात नेहमीचे सहा बाजूंचे फासे वापरतात. पात्राला एखाद्या कृतीत जितकी गती, तितके फासे टाकायचे आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा. सहा आला तर काम निर्वेध होते. चार किंवा पाच आला तर काम होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. एक ते तीन आला तर परिस्थिती बिघडते. दोन फाशांचा हिशेब केला, तर छत्तीसपैकी अकरा वेळा निर्वेध यश, नऊ वेळा बिघाड आणि सोळा वेळा 'झाले, पण' असे येते. तीन फासे घेतले तरी सर्वांत जास्त वेळा, सुमारे पंचेचाळीस टक्के, हे मधलेच उत्तर मिळते. इथे 'जमले की नाही?' हा प्रश्न अपुरा पडतो. 'जमले, तर त्याच्या बदल्यात काय गेले?' असे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर पाचही जण मिळून शोधतात.

ती परकी नगरी आमच्या जिभेवर बसेना, म्हणून मी कथा ठाण्यात आणली. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, त्या किल्ल्यात १८१६ साली पेशवे दुसरे बाजीराव यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. आदल्या वर्षी पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्रिंबकजींवर आला आणि इंग्रजांच्या आग्रहामुळे पेशव्यांना त्यांना स्वाधीन करावे लागले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते किल्ल्यातून निसटले. गोष्ट अशी सांगतात की गोऱ्या अधिकाऱ्याच्या पदरी असलेला एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता खिडकीखाली मराठी गाणी म्हणत असे, त्या गाण्यांतून कैद्याला निरोप पोचत, आणि पहाऱ्यावरच्या शिपायांना भाषा कळत नसल्यामुळे कोणाला संशय आला नाही. चोरांच्या टोळीच्या खेळासाठी याहून चांगली कामगिरी मला सुचली नाही. कैदी दोषी होता की नव्हता याचा निवाडा आम्ही खेळात करायचा नाही, आणि ते ऐतिहासिक पात्र कोणीही खेळायचे नाही, हे मात्र आम्ही आधीच ठरवले. त्या माणसाविषयी आजही दोन मते आहेत, आणि पाच जणांच्या करमणुकीने त्यात भर घालणे मला योग्य वाटले नाही.

पहिला रविवार मात्र वाया गेला, आणि तो का गेला हे सविस्तर सांगण्यासारखे आहे. नियमांत स्पष्ट लिहिले आहे की बेत आखत बसू नका. कोणत्या मार्गाने शिरायचे एवढे ठरवा, त्यातला एखादाच तपशील सांगा आणि थेट प्रसंगाच्या मध्यात या. आम्ही ते सर्वांनी वाचले होते. तरीही टेबलावर किल्ल्याचा कच्चा नकाशा आला, खाडीच्या भरती-ओहोटीचे गणित सुरू झाले, दोर किती हातांचा लागेल यावर वाद झाला आणि दोन तासांत एकही फासा पडला नाही. जुन्या खेळात बेसावध राहिलेले पात्र मरते, म्हणून चार वर्षांत आम्ही सावधपणाच शिकलो होतो. सूत्रधार म्हणून मी तो नकाशा काढूच द्यायला नको होता.

दुसऱ्या रविवारी मी सुरुवातच अशी केली: 'तुम्ही तटाच्या आत आहात, पाऊस लागून राहिला आहे आणि पहारेकरी कंदील घेऊन तुमच्याच दिशेने येतो आहे.' क्षणभर कोणी बोलेना. मग वाशीच्या मैत्रिणीने पूर्वप्रसंगाचा नियम वापरला. या नियमानुसार पात्राने आधी करून ठेवलेली तयारी खेळाडू आत्ता सांगू शकतो, आणि ती जितकी अवघड तितका ताण पात्राला सोसावा लागतो. ती म्हणाली की तिचा मोतद्दार गेले आठ दिवस याच भिंतीखाली गात होता आणि पहारेकऱ्याला त्या आवाजाची सवय झाली आहे. दोन ताण तिने आपल्या कागदावर मांडले आणि टेबलावरच रचलेली ओवी म्हटली:

ओहोटीच्या वेळी होडी रिती ग डोलते
भिंतीपल्याडची वाट माझ्या घोड्याला कळते

आदल्या आठवड्यात ज्या ओहोटीवर आम्ही तासभर घालवला होता, ती दोन ओळींत खेळात आली. कळव्याच्या मित्राने लगेच विचारले, 'पहारेकरी रोज थांबून ऐकतो का?' असा प्रश्न आमच्या टेबलावर पूर्वी कोणी विचारला नव्हता.

भाषेनेही मदत केली. कृती कोणती करायची हे खेळाडू ठरवतो आणि तिच्यातला धोका किती हे सूत्रधार सांगतो. या धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत. पुस्तकातले इंग्रजी शब्द वापरले की आम्ही व्याख्यांवर वाद घालत बसायचो. मग पायऱ्यांना आम्ही हुकमी, जोखमीची आणि जिवावरची अशी नावे दिली आणि वाद मिटले, कारण जिवावरचे काम कशाला म्हणतात हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तुम्ही कोणतीही परकी नियमपद्धती हाती घेणार असाल, तर आधी एका पानावर तिचे शब्द आपल्या भाषेत लिहून काढा, असा माझा आग्रह आहे.

नियम बदलण्याचा मोह मात्र तीन बैठका आवरावा. प्रत्येक पात्राच्या कागदावर ताण मांडायला नऊ घरे असतात, ती ऐरोलीच्या मित्राला फार थोडी वाटत होती आणि त्याने बारा करू या म्हणून सुचवले. आम्ही थांबलो, आणि ती घरे नऊच का असावीत हे तिसऱ्या रविवारी कळले. कैदी भिंतीच्या भगदाडातून बाहेर पडला, पण मोतद्दाराला पहारेकऱ्याने ओळखले. त्या संकटाचा प्रतिकार करताना मैत्रिणीच्या फाशांतला सर्वांत मोठा आकडा तीन आला. प्रतिकार करताना सहातून हा आकडा वजा करून उरेल तितका ताण पडतो, म्हणून तीन ताण पडले आणि तिच्या कागदावर सात आधीच भरलेले होते. नियम सांगतो की घरे भरली की पात्र त्या कामगिरीतून बाद होते आणि त्याच्या स्वभावावर एक कायमचा व्रण उठतो. होडी मोतद्दाराला न घेता खाडीत गेली. व्रण कोणता हे तिनेच निवडायचे होते. तिने कागदावर 'पछाडलेला' असे लिहिले आणि बराच वेळ ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. मग कळव्याच्या मित्राने तिला विचारले, 'आता तो ती ओवी कोणासाठी म्हणतो?' पुढचा रविवार आम्ही तिथून सुरू करणार आहोत.