गाडीचा कागद वेगळा, मानेचा वेगळा

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या बहिणीची गाडी सिग्नलला उभी होती. मागून एक गाडी येऊन आदळली. धडक फार मोठी नव्हती. बंपरवर ओरखडा, नंबर प्लेट वाकलेली, इतकंच. दोघांनी खाली उतरून फोटो काढले, फोन नंबर आणि विम्याचे तपशील घेतले, आणि ती स्वतः गाडी चालवत घरी आली. दुसऱ्या दिवशी धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीतून फोन आला. आवाज अगदी मृदू. "मॅडम, कशा आहात?" आपण सगळे सवयीनं देतो तेच उत्तर तिनं दिलं, "बरी आहे, काही विशेष नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना.

त्या पाच शब्दांनी पुढे चौदा महिने आमचा पिच्छा पुरवला. म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

आधी गाडीचं सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. हल्लीच्या गाडीचा बंपर म्हणून आपल्याला दिसतं ते प्लास्टिकचं आवरण. धक्का बसला की ते दबतं आणि बरेचदा पुन्हा जागेवर येतं. त्याच्यामागचा धातूचा आडवा दांडा मात्र वाकला की वाकलेलाच राहतो, आणि त्याच्याही मागे डिकीचा पत्रा दुमडलेला असू शकतो. बहिणीच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे फोटोंवरून किंवा गाडीभोवती एक फेरी मारून काढलेला खर्चाचा आकडा हा पहिला अंदाज असतो, शेवटचा नव्हे. गॅरेजवाल्याला बंपर उतरवायला सांगा. आत काही निघालं तर काम तिथेच थांबवून सर्व्हेअरला, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान पाहायला येणाऱ्या माणसाला, पुन्हा बोलवा. त्यानं पाहीपर्यंत काढलेले भाग भंगारात जाऊ देऊ नका. दुरुस्ती होऊन गेली की आतला पत्रा वाकला होता हे दाखवायला हातात काही उरत नाही.

सीटबेल्ट क्षणात आवळून धरणारा प्रीटेन्शनर आणि एअरबॅग एकदाच उडतात. उडाले की बदलायचेच. बंपरमधला रडार किंवा काचेमागचा कॅमेरा काढून बसवला तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळवणी, पुन्हा करावं लागतं, तो खर्चही अंदाजपत्रकात घाला. आणि लहान मुलाची सीट! ती दाव्यात लिहायला जवळजवळ सगळे विसरतात. जोराच्या धडकेनंतर ती बाहेरून धडधाकट दिसली तरी बदलायला हवी.

पैशांवरून वाद होतो तो बहुधा घसाऱ्याचा, म्हणजे वापरानं कमी झालेल्या किमतीचा. त्याचं मूळ एका जुन्या खटल्यात दिसतं. 1883 साली इंग्लंडमध्ये कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन हा खटला गाजला. एका माणसानं घर विकायचा करार केला, व्यवहार पुरा व्हायच्या आत घराला आग लागली. त्यानं विम्याचे पैसे घेतले आणि नंतर खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयानं त्याला विम्याचे पैसे परत करायला लावले. नुकसान पुरतं भरून मिळेल, पण त्याहून जास्त कधीच नाही, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. झिजलेल्या टायरच्या जागी नवा टायर बसवताना कंपनी फरकाचे पैसे तुमच्याकडे मागते, ती याच तत्त्वाला धरून. मला ते मान्य आहे. पण त्या वाक्याचा पहिला अर्धा भागही तितकाच बंधनकारक आहे. गाडी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, ठरवून कंपनीनं तिची किंमत सांगितली, आणि ती कमी वाटली, तर नुसतं भांडून उपयोग नाही. तेच मॉडेल, तेच साल, साधारण तेवढेच किलोमीटर चाललेल्या गाड्या आज बाजारात कितीला आहेत, याचे पाच-सहा पुरावे जोडा आणि हिशेब कसा केला ते लेखी मागा.

आता मान. मागून धडक बसते तेव्हा धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं आणि डोकं क्षणभर मागे राहतं. झटका खाते ती मधली मान. दुखणं लगेच सुरू होईलच असं नाही. कित्येकदा ते काही तासांनी, एक-दोन दिवसांनी वर येतं. 1995 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या तज्ज्ञ गटानं या दुखापतीच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. हाड मोडणं किंवा सांधा निखळणं ही त्यातली शेवटची, चौथी पायरी. म्हणजे मान आखडलेली असेल, अगदी हातातली ताकद कमी झालेली असेल, तरी एक्स-रेत मोडतोड दिसेलच असं नाही. बहिणीला "एक्स-रे तर नॉर्मल आहे" हे इतक्या वेळा ऐकावं लागलं की शेवटी तिला स्वतःच्याच दुखण्याची शंका यायला लागली. मला त्याचा आजही राग येतो.

म्हणून दुखो न दुखो, अपघातानंतर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली, हातपाय बधिर वाटले तर क्षणभरही थांबू नका. अपघातानंतर हे सुरू झालं असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि ते कागदावर येऊ द्या. मान आधीही दुखत असेल तर लपवू नका. आधी किती दुखायची आणि आता किती, हे सांगा. घरी एक वही ठेवा. तिच्यात "खूप दुखलं" लिहून काही कळत नाही. "केस बांधायला हात वर गेला नाही", "रात्री तीनदा उठले", "आज कामावर अर्धा दिवस" असं लिहा, तारखेसह. फिजिओथेरपी मध्येच सोडलीत तर कंपनी म्हणणार, बरं वाटलं म्हणूनच सोडली.

फोनचं काय करायचं? तुमच्या स्वतःच्या कंपनीला खरी माहिती लगेच द्यायलाच हवी, तो तुमच्यातल्या कराराचा भाग आहे. धडक देणाऱ्याच्या कंपनीचा तुमच्याशी करार नाही. फोनवर उत्तरं द्यायची नसतील तर प्रश्न लेखी पाठवायला सांगा. तब्येतीची चौकशी झाली तर खरं आहे तेच बोला: "अजून तपासणी पूर्ण झालेली नाही, आत्ता सांगता येणार नाही." हे उद्धटपणाचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीचं नुकसान आठवड्याभरात मोजून होतं. शरीराचं मोजायला कधी कधी वर्ष लागतं. हे दोन हिशेब एकाच कागदावर, एकाच सहीनं मिटवू नका. न्यूझीलंडमध्ये 1974 पासून हे दोन रस्तेच वेगळे आहेत: माणसाची दुखापत सरकारी योजनेकडे जाते, मग चूक कोणाचीही असो, आणि गाडी विमा कंपनीकडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 31 मे 2021 पासून, मान हिसकल्याच्या दाव्यात वैद्यकीय अहवाल येण्याआधी तडजोडीची रक्कम देऊ करायला विमा कंपन्यांना कायद्यानंच मनाई आहे. घाईघाईनं सही करून माणसं किती नाडली जातात, हे ओळखल्याशिवाय असा नियम कोणी करत नाही. मात्र थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. दावा लावायची मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पहिल्याच आठवड्यात वकिलाला विचारून ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

बहिणीला आठव्या दिवशी पत्र आलं. दुरुस्तीचा खर्च आणि वर थोडी रक्कम, आणि सहीसाठी एक पानी कागद: या अपघातातून उद्भवलेले व पुढे उद्भवणारे सर्व दावे पूर्ण व अंतिम. गॅरेजचं बिल द्यायचं होतं, ती सही करणारच होती. मी तो कागद तिच्याकडून काढून घेतला. आम्ही कंपनीला लिहिलं, गाडीपुरता वेगळा कागद पाठवा. तीन आठवडे लागले, पण आला. मानेचा दावा मात्र चौदा महिने चालला, आणि दर वेळी फोनवरचं ते "काही विशेष नाही" पुढे केलं गेलं. त्याला उत्तर म्हणून आमच्याकडे तिसऱ्या दिवशीचा डॉक्टरांचा कागद होता. त्यावर दोनच ओळी होत्या: दोन दिवसांपूर्वीच्या अपघातानंतर मान आखडली आहे. डावीकडे वळत नाही. एवढ्या जाड फायलीतल्या त्या दोन ओळींवर तो दावा उभा राहिला.