एक टाळी सुरुवातीला, एक शेवटी

श्रोतेहो, नमस्कार. बोलण्याआधी एक टाळी वाजवतो. (टाळी) कशासाठी, ते ओघात येईलच.

2020च्या गणपतीत आमच्या घरी कुणालाच येता आलं नाही. मग व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून आरती म्हणायची असं ठरलं. पहिल्या कडव्यातच तिची भेळ झाली. टाळ पुण्यात, शब्द नागपुरात आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची दरी. शेवटी ठरलं, की ज्याने त्याने आपापल्या घरी मोबाइलवर म्हणायचं आणि मी ते सगळे ट्रॅक एकावर एक ठेवायचे. मी पेटी आणि मंजिरीवर आरती वाजवून सगळ्यांना पाठवली. आधी चार मात्रा मोजायच्या, मग पेटी कानात ऐकत गायचं. सोपं वाटलं होतं.

ट्रॅक आले. भाचा सुरात, लयीतही पक्का, पण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाव सेकंद मागे. त्याच्या कानात ब्लूटूथचे हेडफोन होते. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागतो. बिचारा उशिरा ऐकत होता आणि उशिरा ऐकलेल्याला इमानदारीने साथ देत होता! हे दुखणं जुनंच आहे. टेपच्या जमान्यात आवाज घेणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असायचं, त्यामुळे आधीच्या ट्रॅकवर गाणारा असाच मागे पडायचा. 1955च्या सुमारास अँपेक्स कंपनीने आवाज घेणाऱ्या हेडमधूनच जुना ट्रॅक ऐकवायची सोय केली आणि ते अंतर मिटलं. आपल्याकडे त्याहून स्वस्त उपाय आहे : तारेचे हेडफोन. झालेली चूकही दुरुस्त होते, कारण ती सगळीकडे सारखी असते. अख्खा ट्रॅक उचलायचा आणि तेवढाच अलीकडे सरकवायचा.

मेहुण्यांचा मामला वेगळा होता. सुरुवात बरोबर, पण दुसऱ्या कडव्याला ते पुढे, तिसऱ्याला आणखी पुढे आणि चार मिनिटांची आरती त्यांनी साडेएकोणीस सेकंद आधीच संपवली. आवाजही चिरका. पेटीच्या काळी एक या पट्टीत म्हटलेली आरती पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसलेली. त्यांच्या संगणकाने दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने टिपले होते आणि माझ्याकडे ते सेकंदाला 48,000 या वेगाने वाजत होते. याला सॅम्पल रेट म्हणतात. सेटिंगमध्ये एक आकडा दुरुस्त केला आणि मेहुणे माणसात आले.

तेव्हा ट्रॅक जुळत नसला की सरकवासरकवी करण्याआधी एकच गोष्ट पाहा : तो सगळीकडे सारखा मागे आहे, की अंतर वाढत चाललंय? सारखा मागे असेल तर सरकवा. वाढत असेल तर कितीही सरकवलात तरी एका टोकाला जुळेल आणि दुसऱ्या टोकाला सुटेल.

वाढण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कुणाच्याच चुकीचं नाही. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचं एक बारीक घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं अगदी एकसारखी चालत नाहीत. समजा, दोन यंत्रांमध्ये दहा लाखांत पन्नास भागांचा फरक आहे. म्हणजे मिनिटाला तीन मिलिसेकंद. आरतीत हा फरक जाणवणारही नाही. पण घरगुती बैठक असेल, चित्र मोबाइलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर चाळीस मिनिटांनी तो 120 मिलिसेकंद होतो. द्रुत तीनताल मिनिटाला 300 मात्रांनी चालला असेल, तर एक मात्रा 200 मिलिसेकंदांची. म्हणजे तबलजींचा हात दिसतो एकीकडे आणि ‘धा’ ऐकू येतो अर्ध्या मात्रेहून जास्त अंतरावर!

टाळी इथे उपयोगी पडते. दोन्ही यंत्रं चालू झाली, की त्यांच्याजवळ उभं राहून एक सणसणीत टाळी वाजवायची. ट्रॅक संगणकावर उघडला, की पडद्यावर ती काट्यासारखी उभी दिसते. काट्याला काटा जुळवला की सुरुवात जमली. बहुतेक लोक इथेच थांबतात. बैठक संपल्यावर, यंत्रं बंद करण्याआधी, दुसरी टाळी वाजवा. शेवटचे काटे जितके सुटलेले असतील तितका एक ट्रॅक ताणायचा किंवा आवळायचा. एवढ्याशा ताणाने सूर हलल्याचं कानाला कळत नाही. गणिताचा कंटाळा असेल तर प्रत्येक रागानंतरच्या शांततेत ट्रॅक कापा आणि पुन्हा जुळवा. मी स्वतः आळशी असल्यामुळे हेच करतो. टाळी मात्र यंत्रांजवळच वाजवा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाची टाळी यंत्रापर्यंत पोचेपर्यंतच थोडी शिळी होते.

आणखी दोन गोष्टी भराभर सांगतो. ट्रॅक पाठवताना वेव्ह (.wav) फाइल पाठवा. एमपीथ्री करताना सुरुवातीला थोडी शांतता नकळत चिकटते. आणि तानपुऱ्याचं ॲप लावून वेगवेगळं रेकॉर्ड करू नका. त्याने सूर सांभाळला जातो, लय नाही. मेट्रोनोमची टकटक लावली तर गाणं लाकडी होतं. त्यापेक्षा लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी पुन्हा पुन्हा वाजणारी धून लावा, त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे ते ऐकू येतं आणि गाण्यालाही श्वास मिळतो.

मावशींचं राहिलंच. त्यांनी पेटी फोनच्या स्पीकरवर मोठ्याने लावून आरती म्हटली. ती पेटी त्यांच्या ट्रॅकमधून आजतागायत निघालेली नाही. पण जुळवायला सगळ्यांत सोपा ट्रॅक त्यांचाच होता!

हे भाषण कुणी घरी दोन यंत्रांवर उतरवून घेत असेल, तर ही घ्या तुमची दुसरी. (टाळी) नमस्कार.