रूळ धरून ठेवणारी माणसं

मंडळी, राजहंसगडावर, पारगडावर घमेली-खोरी घेऊन श्रमदानाला जाणारे तुमच्यापैकी बरेच जण समोर बसले आहेत. पदरमोड करून जुनं काही राखणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आज ज्या जुन्या वस्तूबद्दल बोलायचं आहे, ती मात्र धावणारी आहे.

वेल्समध्ये टाविन नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथून डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीकडे जाणारी टॅलिलिन रेल्वे १८६५च्या कायद्यानं उभी राहिली. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अवघं २ फूट ३ इंच. १९४६ साली खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स म्हणाले, मी आहे तोवर गाडी चालेल. शब्द पाळला त्यांनी. १९५० साली ते गेले, आणि त्याच ऑक्टोबरात लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकारानं ही रेल्वे वाचवण्यासाठी बर्मिंगहॅमला सभा भरली. १४ मे १९५१ रोजी त्या मंडळींनी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी हाती घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. आजही ती सुरू आहे.

आता त्यांच्या हाती नेमकं काय आलं होतं ते ऐका. स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके, कुजलेले, रूळ झिजलेले, वर गवत माजलेलं. ते गवतच रूळ जागेवर धरून आहे असं तिथे म्हणत. इंजिनांपैकी भिस्त ठेवावी असं एकटं ‘डोलगोख’, तेही १८६६चं. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती. तिची दोन इंजिनं या लोकांनी प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यातलं तीन नंबरचं इंजिन रुळावर घातलं, तर ते सारखं खाली उतरायला लागलं. रूळ फाकलेले आणि त्या इंजिनाच्या चाकांचा रुळावर टेकणारा भाग अरुंद, त्यामुळे चाक रुळांच्या आत पडायचं. इंजिन धडधाकट, पण वाट त्याला पेलेना.

माझी सगळी नोकरी रुळांवरच गेली, म्हणून मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. लोक इंजिनाच्या प्रेमात पडतात. फोटो इंजिनाचा निघतो, देणगी इंजिनाला मिळते. रेल्वे वाचवायची म्हणजे मात्र कुजलेला स्लीपर काढून नवा घालायचा, खाली खडी ठासायची, गेज लावून बघायचं आणि पुढच्या स्लीपरकडे सरकायचं. टॅलिलिनच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. कुणी शिक्षक, कुणी कारकून, सुट्टी काढून यायचे आणि चिखलात उभे राहायचे. गडाची भिंत तुम्ही या रविवारी गेला नाहीत तरी पुढच्या रविवारी तिथेच असते. गाडीखालचा रूळ अशी सवलत देत नाही.

आपल्याकडची मीटर गेज नव्वदच्या दशकात गेली. रुळांमधल्या १००० मिलिमीटरच्या जागी १६७६ मिलिमीटरचं ब्रॉड गेज आलं. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इंजिनं आणि जुन्या वस्तू बघायला हुबळीचं संग्रहालय २०२० पासून आहे. पण गोव्याच्या सीमेजवळच्या कॅसलरॉकच्या खाली, ३७ फुटांत एक फूट उतरणाऱ्या घाटात, धो धो पावसात तो रूळ जागेवर ठेवणाऱ्या गँगमनची विद्या कुठल्या काचेच्या पेटीत ठेवणार? बोल्टवर हातोडा मारल्यावर तो ढिला आहे की घट्ट, हे रूळ तपासत फिरणारा कीमन नुसत्या आवाजावरून सांगायचा. पावसाआधी कुठला चर आधी उपसायचा, हे त्याला पाठ असायचं. खानापूर, गुंजी, लोंढ्याकडची ही माणसं आता थकली आहेत. कुणी मराठी बोलतो, कुणी कन्नड, कुणी कोकणी.

चालत्या रुळांना आपण हात लावायचा नाही. तो गुन्हा आहे आणि धोकाही. या माणसांकडे जायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. त्यांची हत्यारं, त्यांच्या आरोळ्या, कामाची रीत असं सगळं टिपून आणि रेकॉर्ड करून घ्यायचं आहे. मी गुंजीपासून सुरुवात करतो आहे. कन्नड नीट समजणारे दोघं-तिघं मला हवे आहेत, आणि ज्यांच्या घरात वडील किंवा आजोबा गँगमध्ये होते त्यांनी आज जाण्याआधी मला भेटावं.