काटा आणला आहे, ड्रोन काढा

मंडळी, सुट्टीत हौशी फोटोग्राफर भेटले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, माझा २४९ ग्रॅमचा आहे, मला कसले नियम?" म्हणून मी आता घरातला पोळीच्या पिठाचा काटाच सोबत घेऊन फिरतो. बायको वैतागते, पण असो.

हा बघा. बॅटरी आणि कार्डासकट ड्रोन ठेवला, २४९. आता पात्यांभोवती हे गार्ड बसवले. २८४! झाला नॅनोचा मायक्रो. वजन धरायचं ते उडतानाचं, वर चिकटवलेल्या प्रत्येक वस्तूसकट.

२५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि निव्वळ हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. लोक इथवर वाचतात आणि खूश होऊन उठतात. नोंदणी क्रमांक नॅनोलाही घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा बेत असेल तर तोही सोडा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

आणि जागेच्या बाबतीत वजनाची सवलत नाही. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय चालतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याच्या आत पिवळा, तिथं हवाई नियंत्रणाला विचारायचं. लाल म्हणजे केंद्र सरकारची परवानगी. आता आपल्या पुण्यात लोहगावला हवाईदलाचा तळ, प्रवासी विमानंही तिथूनच; पलीकडे खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मधे कॅम्प आणि खडकी ही लष्करी छावण्यांची ठिकाणं. लोहगावजवळच्या विश्रांतवाडीकरांनी गच्चीवरून हौस भागवायचं नाव काढू नये.

उंचीचा घोटाळा मी स्वतः केलाय. डोंगराच्या माथ्यावरून ड्रोन सोडला आणि सूर्यास्तासाठी कड्याबाहेर नेला. स्क्रीनवर ५० मीटर, मी निवांत. पण तो आकडा उड्डाणाच्या जागेपासूनचा. खाली दरी २०० मीटर, म्हणजे जमिनीपासून अडीचशे! फोटो छान आला, सांगायची मात्र लाज वाटते. गडांवर तर संरक्षित स्मारकाची परवानगी वेगळी, ती विसरू नका.

मागून कोणीतरी विसर्जनाचं विचारतंय. मिरवणुकीवर? अहो, लाखभर डोक्यांवर चार पाती फिरवायची? पोलिसांचे त्या दिवसांतले आदेश आधी वाचा. आणि शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणाऱ्या काकूंच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असेल, तर त्या ओरडतात ते बरोबरच आहे.

चला, आपापले ड्रोन घेऊन रांगेत या, वजनं करू. नाही, गार्ड काढायचे नाहीत.